रेषेची उंची: आहे ती आणि दिसते ती

मागच्या एपिसोडमध्ये पुराच्या नकाशांबद्दल बोलताना मी एक वाक्य टाकून पुढे निघून गेले: नकाशातली उंची चुकली की पुढचं सगळं चुकतं. रेकॉर्डिंग संपल्यावर लक्षात आलं की वाक्य ऐकायला बरं आहे, पण त्यातून कुणाला काही कळलं नसणार. उंची चुकते म्हणजे नेमकं काय होतं? आणि ती चुकलीये हे कळतं कसं? म्हणून हा लेख. यात थोडं सॉफ्टवेअर आहे, थोडा इतिहास आहे, आणि आमच्या एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातला एक आख्खा निष्कर्ष आहे, जो एका दुपारी आमच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला.

विद्यार्थी नाशिकचा. इथे सॅक्सनीत मास्टर्स करतो आणि आमच्या गटात हिवी म्हणून, म्हणजे विद्यार्थी-मदतनीस म्हणून, काही तास काम करतो. एका सोमवारी सकाळी माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "ताई, ओढा समुद्रात गेलाय."

ओढा म्हणजे एल्बेला मिळणारा एक लहानसा प्रवाह. ड्रेस्डेनच्या आसपासचा, जमीन साधारण ११८ मीटर उंचीवर. एका सर्वे कंपनीने त्याच्या काठांची नवी मोजणी करून दिली होती आणि त्यावरून जमिनीचा त्रिमितीय पृष्ठभाग तयार करायचा होता. त्याच्या स्क्रीनवर बाकी जमीन जागच्या जागी होती, फक्त डाव्या काठालगत एक सरळ खंदक ११८ मीटर खाली शून्यापर्यंत गेला होता. वरून बघितलं तर नकाशा अगदी बरोबर. तिरका करून बघितला की अंगावर काटा.

आधी हे कसं होतं ते सांगते. सर्वेअर शेतात उभा राहून बिंदू मोजतो आणि प्रत्येक बिंदूला एक कोड देतो: काठाचा माथा, काठाचा पायथा, कुंपण, रस्त्याची कड. सॉफ्टवेअर सारख्या कोडचे बिंदू ओळीने जोडून रेषा तयार करतं. आम्ही वापरतो त्या ऑटोकॅड सिव्हिल थ्रीडीमध्ये अशा रेषेला 'फिगर' म्हणतात. तिच्या प्रत्येक बिंदूला पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण आणि उंची असे तीन आकडे असतात. ती कुठल्या रंगात आणि कुठल्या जाडीची दिसेल, हे तिची 'स्टाइल' ठरवते. इथपर्यंत कुणालाच अडचण नसते.

अडचण पुढे आहे. रेषा कुठल्या *उंचीवर दिसेल* हेसुद्धा स्टाइलच ठरवते. स्टाइलच्या 'थ्रीडी जॉमेट्री' या टॅबमध्ये तीन पर्याय असतात. रेषेची स्वतःची उंची वापरा, रेषा एका ठरावीक उंचीवर सपाट करून दाखवा, किंवा उंची काही पटींनी ताणून दाखवा. आमच्या जुन्या टेम्प्लेटमध्ये दुसरा पर्याय निवडलेला होता आणि ठरावीक उंची होती शून्य.

असं कुणी का करून ठेवेल? कारण आहे, आणि ते चांगलं आहे. कागदावरचा नकाशा काढणाऱ्याला उंचीचा उपद्रव होतो. दोन रेषा वरून बघताना एकमेकींना छेदतात, पण एक ११८.४० वर आणि दुसरी ११९.१० वर असेल तर त्या प्रत्यक्षात भेटतच नाहीत, उड्डाणपुलासारख्या एकमेकींच्या वरून जातात. मग कोपरा जोडायला गेलात की सॉफ्टवेअर म्हणतं, या रेषा एका प्रतलात नाहीत. दोन बिंदूंमधलं अंतर मोजलं तर चढाचं तिरकं अंतर येतं. म्हणून ड्राफ्ट्समन सगळं शून्यावर आणतो आणि निवांत काम करतो. अशा सपाट केलेल्या फिगरच्या पोटात तिची खरी उंची शाबूत असते. फक्त दाखवताना ती खाली आणलेली असते.

आमच्या मुलाने केलं ते एवढंच: एका ठिकाणी विलोच्या झुडपांमुळे सर्वेअरला बिंदू मिळाले नव्हते, काठाच्या पायथ्याची रेषा मध्येच तुटली होती. ती जोडायला त्याने स्वतःची एक त्रिमितीय पॉलिलाइन काढली आणि सुरुवात केलीच आहे तर म्हणून संपूर्ण रेषाच गिरवून घेतली, प्रत्येक बिंदूवर नीट स्नॅप करत. स्नॅप जो पकडतो तो *दिसणारा* बिंदू. दिसणारी उंची शून्य होती, म्हणून नव्या रेषेची खरी उंची शून्य झाली. दाखवण्यापुरती केलेली सोय एका क्लिकमध्ये मोजणी होऊन बसली. त्याने मूळ फिगरच पृष्ठभागात ब्रेकलाइन म्हणून घातली असती तर काहीच बिघडलं नसतं. काळजीपूर्वक गिरवल्यामुळे बिघडलं.

तुमच्यापैकी जे वेर्कश्टुडेंट म्हणून एखाद्या इंजिनिअरिंग ब्युरोत असतील, त्यांच्यासाठी हे शोधायची माझी पद्धत सांगते. मी दोन आकडे शेजारी ठेवते. पहिला, रेषेच्या टोकावर स्नॅप करून 'आयडी' कमांडने मिळणारा झेड. दुसरा, त्याच रेषेचा एलिव्हेशन एडिटर उघडून त्यातल्या तक्त्यात दिसणारी उंची. तक्त्यात ११८ आणि स्नॅपला शून्य, तर दोष दाखवण्यात आहे: स्टाइल बदला, मोजणीला हात लावू नका. दोन्हीकडे शून्य असेल तर दोष माहितीतच आहे, स्टाइल कितीही बदलली तरी उपयोग नाही. आणि दोन्हीकडे ११८ असूनही तुम्ही काढलेली नवी रेषा शून्यावर जात असेल, तर 'ओस्नॅपझेड' नावाचं एक छोटं चल तपासा. ते १ असलं की सॉफ्टवेअर पकडलेल्या बिंदूची उंची टाकून देऊन स्वतःची चालू उंची वापरतं. मी यावर एकदा अख्खी संध्याकाळ घालवली आहे, तुम्ही घालवू नका.

माहितीतच शून्य येण्याची कारणं वेगळी. सर्वेअरने एखाद्या बिंदूची उंची घेतलीच नसेल तर फाइलमधली ती जागा रिकामी असते आणि आयात करताना रिकाम्या जागेचं शून्य होऊ शकतं. आपल्या भाषेत 'माहीत नाही' आणि 'शून्य' यांत फरक आहे, कॅडच्या फाइलमध्ये तो सहज पुसला जातो. जर्मनीत आणखी एक खास सापळा आहे, दशांश चिन्हाचा. इथे ११८.४२ असं न लिहिता ११८,४२ असं लिहितात. स्वल्पविरामाने रकाने वेगळे करणाऱ्या फाइलमध्ये असा आकडा गेला की उंची होते ११८ आणि ४२ शेजारच्या रकान्यात जाऊन बसतात. सगळी जमीन पूर्ण मीटरच्या पायऱ्यांवर बसलेली दिसली तर आधी स्वल्पविराम बघा.

एक मोह मात्र टाळा. पृष्ठभागाच्या सेटिंगमध्ये 'अमुक उंचीखालचे बिंदू वगळा' अशी सोय असते. तिथे १०० टाकलं की खंदक गायब होतो आणि स्क्रीन सुंदर दिसते. पण चुकीची रेषा तशीच राहते आणि काठाचा पायथा पृष्ठभागातून नाहीसा होतो. हे म्हणजे गळक्या नळाखाली बादली ठेवून प्लंबरला परत पाठवण्यासारखं आहे.

तर स्टाइल बदलली, रेषा नव्याने घेतली, खंदक भरला. अर्ध्या तासाचं काम. ११८ मीटरची चूक तशी सज्जन असते, ती ओरडून सांगते. न ओरडणारी चूक त्याच प्रबंधात पुढच्या प्रकरणात बसली होती.

त्याच ओढ्याचे १९८० च्या दशकातले, म्हणजे पूर्व जर्मनीच्या काळातले, आडवे छेद त्याला एका जुन्या फाइलमध्ये मिळाले होते. स्कॅन केलेले कागद, टाइपरायटरची अक्षरं. त्याने ते छेद नव्या पृष्ठभागावर बसवले आणि तुलना केली. नवी जमीन जुन्या जमिनीपेक्षा जवळपास सगळीकडे १५ सेंटीमीटर वर आली. आता ड्रेस्डेनच्या परिसरात पूर ही काही कल्पना नाही. १७ ऑगस्ट २००२ ला शहरातल्या मापकावर एल्बे ९.४० मीटरवर पोचली. त्याआधीचा विक्रम १८४५ सालचा, ८.७७ मीटरचा. २०१३ ला पुन्हा मोठा पूर आला. त्यामुळे मुलाने जे लिहिलं ते अगदी समजण्यासारखं होतं: चाळीस वर्षांत पुरांनी या काठांवर सरासरी १५ सेंटीमीटर गाळ आणून टाकला. आलेख नेटका, वाक्यं आत्मविश्वासाची. मीसुद्धा पहिल्या वाचनात मान डोलावली, हे कबूल करते.

मग एका छेदापाशी मी थांबले. तिथे ओढ्यावर एक जुना दगडी पूल आहे. पुलाच्या कठड्याची उंची जुन्या कागदावर होती आणि नव्या मोजणीतही. फरक? पंधरा सेंटीमीटर. कठड्यावर गाळ साठत नाही.

जुन्या कागदाच्या कोपऱ्यात दोन अक्षरं होती: 'एचएन'. नव्या सर्वेच्या कोपऱ्यात तीन: 'एनएचएन'. एका 'एन'चा फरक, आणि त्या 'एन'च्या मागे अर्ध्या शतकाचं राजकारण. पूर्व जर्मनी उंची मोजायची ती क्रोनश्टाटच्या मापकापासून. क्रोनश्टाट म्हणजे सेंट पीटर्सबर्गसमोरचं नाविक बंदर, बाल्टिक समुद्रातलं. पश्चिम जर्मनीचं शून्य अॅम्स्टरडॅमशी बांधलेलं होतं आणि आजच्या एकत्र जर्मनीचंही तसंच आहे. बाल्टिकचं पाणी कमी खारट, म्हणून हलकं, आणि त्याची सरासरी पातळी उत्तर समुद्रापेक्षा थोडी वर राहते. शून्यच वर असेल तर त्यावरून मोजलेली प्रत्येक उंची तेवढी कमी भरते. हा फरक सुमारे १५ सेंटीमीटरचा.

म्हणजे चाळीस वर्षांचा गाळ प्रत्यक्षात क्रोनश्टाट आणि अॅम्स्टरडॅम यांच्यातला फरक होता.

बघा, दोन्ही चुका एकाच घराण्यातल्या आहेत. पहिलीत स्टाइलने रेषा दुसऱ्या शून्यावर बसवली होती, दुसरीत इतिहासाने. पण पहिली सॉफ्टवेअरला विचारून सापडते. दुसरीसाठी सॉफ्टवेअरकडे उत्तरच नसतं, कारण त्याच्या लेखी ११८.२५ हा फक्त एक आकडा आहे. तो कुठून मोजलाय हे कागदाच्या कोपऱ्यात असतं, नाहीतर कुठल्यातरी निवृत्त माणसाच्या डोक्यात.

'समुद्रसपाटीपासून' हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की कुठला समुद्र, हे विचारायचं राहून जातं. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर लहान अक्षरांत ती उंची लिहिलेली असते. पुण्याला गाडी थांबली की बाबा आम्हाला तो साडेपाचशेच्या पुढचा आकडा वाचायला लावायचे, आणि आम्हाला वाटायचं की समुद्र एकच आणि त्याची सपाटीही एकच. पण प्रत्येक देशाने आपापलं बंदर निवडलं, तिथे काही वर्षं भरती-ओहोटी मोजली, सरासरी काढली आणि तिथून आत जमिनीवर लेव्हल लावत गेला. प्रशियाने १८७९ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेवर एक खूण केली आणि ठरवलं की ही खूण शून्यापेक्षा बरोबर ३७ मीटर वर आहे. शून्य दूर समुद्राकाठी, पण मोजायला सुरुवात करायची ती बर्लिनच्या एका भिंतीपासून. अॅम्स्टरडॅमचं शून्य तर बघायला मिळतं. डेल्फ्टला पीएचडी करत असताना मी तिथल्या नगरपालिकेच्या इमारतीत जाऊन तो पितळी बोल्ट पाहिला होता. शेजारी पाण्याचे काचेचे स्तंभ आहेत, त्यातला एक १९५३ च्या पुराची पातळी दाखवतो, शून्याच्या ४.५५ मीटर वर. आपण त्याच्याखाली उभे असतो. स्वित्झर्लंडला समुद्रच नाही, तर त्यांनी जिनिव्हाच्या सरोवरातला एक खडक घेतला, त्याची उंची मार्सेच्या समुद्रावरून ठरवली. आधी तो ३७६.८६ मीटर धरायचे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नव्या हिशोबाने ३७३.६ केला. देश तीन मीटरने खाली आला आणि कुणाचा चहासुद्धा सांडला नाही. बेल्जियमने सरासरीऐवजी ओस्टेंडच्या ओहोटीची पातळी घेतली, त्यामुळे त्यांच्या उंच्या डच उंच्यांपेक्षा सुमारे २.३ मीटरने जास्त.

आपल्याकडे हसायचं कारण नाही. मुंबई महापालिकेची गटारं आणि नाले आजही 'टाउन हॉल डेटम'वर मोजले जातात. हा टाउन हॉल म्हणजे आपल्या एशियाटिकची इमारत. त्या पद्धतीतला आकडा समुद्रसपाटीच्या आकड्यापेक्षा वीस मीटरहून अधिक मोठा असतो. मुंबईच्या पुरावर काम करायचं मनात असेल तर ही गोष्ट पहिल्या दिवशी विचारून घ्या.

दोन शून्यं एका कामात भेटली तर काय होतं याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण जर्मनीच्या दक्षिण टोकाला आहे. ऱ्हाइनच्या दोन काठांवर लाउफेनबुर्ग नावाची दोन गावं आहेत, एक जर्मन, एक स्विस. त्यांना जोडणारा नवा पूल दोन्ही बाजूंनी बांधायला घेतला. जर्मन शून्य अॅम्स्टरडॅमचं, स्विस शून्य मार्सेचं, आणि दोन्हींत २७ सेंटीमीटरचा फरक. हे इंजिनिअरांना माहीत नव्हतं का? पक्कं माहीत होतं. हिशोबात २७ सेंटीमीटरची दुरुस्ती घातलेलीही होती. फक्त अधिकच्या जागी उणे झालं. फरक मिटण्याऐवजी दुप्पट झाला आणि २००३ मध्ये, बांधकाम चालू असताना, लक्षात आलं की दोन बाजूंत ५४ सेंटीमीटरचं अंतर पडतंय. जर्मन बाजूचं काम दुरुस्त करावं लागलं, आणि २००४ च्या डिसेंबरमध्ये पूल खुला झाला. ही गोष्ट 'जर्मनांचीही कशी फजिती होते' म्हणून सांगितली जाते. मला त्यात वेगळंच दिसतं. त्यांना दुरुस्ती आठवली होती, आणि तरीही. नुसतं 'फरक आहे' हे माहीत असून भागत नाही, तो कुठल्या दिशेचा आहे हे एका ठोस बिंदूवर ताडून बघावं लागतं. आपल्याकडचा गवंडी पाणसळीची नळी दोन्ही टोकांना धरून खूण करतो आणि मग नळी उलटी फिरवून पुन्हा बघतो, ते यासाठीच.

आमच्याकडे ताडून बघायला दगडी पूल होता. म्हणून फरकाच्या स्वभावाकडे बघा असं मी आता सगळ्या विद्यार्थ्यांना सांगते. गाळ कुठे २ सेंटीमीटर साठतो, कुठे ४०, वळणाच्या बाहेरच्या बाजूला उलट काठ खचतो. निसर्ग एकसारखा नसतो. कठडा, शेत, रस्ता, सगळीकडे तोच आकडा येत असेल तर ती जमीन नव्हे, शून्य हललंय.

जाता जाता जीपीएसबद्दल, कारण हल्ली मोजणी त्यानेच होते. उपग्रह समुद्र ओळखत नाही. तो पृथ्वीच्या एका गुळगुळीत गणिती आकारापासून उंची देतो. सॅक्सनीत ती नकाशातल्या उंचीपेक्षा चाळीसहून अधिक मीटरने जास्त येते, आणि मुंबईच्या किनाऱ्यावर उभं राहिलात तर उणे साठच्या पलीकडे. मधला फरक एका मॉडेलने काढतात. जर्मनीत ते मॉडेल आजच्या अधिकृत उंचीपद्धतीशी, डीएचएचएन २०१६ शी, जुळवलेलं आहे. ही पद्धत २०१७ मध्ये लागू झाली. आधीच्या डीएचएचएन ९२ पेक्षा ती ठिकाणानुसार काही सेंटीमीटर वेगळी आहे. दोन्हींच्या उंचीला 'एनएचएन'च म्हणतात, म्हणजे तीन अक्षरं पाहून निश्चिंत होऊ नका, साल विचारा.

मुलाचं पुढे काय झालं? सबमिशनला तीन आठवडे होते. पहिल्या दिवशी तो फार बोलला नाही. दुसऱ्या दिवशी राज्याच्या मोजणी खात्यातून परिसरातल्या बेंचमार्कांच्या जुन्या आणि नव्या उंच्या मागवल्या, कारण सरसकट १५ मिळवणं ही पुन्हा अंदाजाचीच चूक झाली असती. जुने छेद वर सरकवले. काही ठिकाणी ६ सेंटीमीटर गाळ निघाला, काही ठिकाणी काठ खचलेला, बऱ्याच ठिकाणी मोजणीच्या चुकीपलीकडे काहीच नाही. 'पंधरा सेंटीमीटर' हे शीर्षक असलेलं प्रकरण गेलं. त्याच्या जागी चार पानं आली, जुन्या छेदांची उंची कशी तपासावी याची. परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्याच पानांवर विचारले.

आणि टेम्प्लेटमधली ती सपाट स्टाइल आम्ही काढून टाकली नाही, कागदी नकाशांना ती लागते. त्याने फक्त तिचं नाव बदललं. आता यादीत ती 'सपाट_फक्त_दिसण्यासाठी' अशी आहे, मराठीतच. आमची जर्मन सहकारी तिला 'झापाट' म्हणते, पण त्या स्टाइलवर स्नॅप मात्र कधीच करत नाही.